सहल जंगलात न्या: आधी बोरिवली, मग बारवी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या शिक्षकखोलीत सहल काढणाऱ्यांची माणसं येऊ लागतात. हातात चकचकीत पत्रकं असतात. पाण्याच्या घसरगुंड्या, रेन डान्स, दुपारी पनीर आणि गुलाबजाम, संध्याकाळी चहा-बिस्किटं, मुलामागे अमुक रुपये आणि शिक्षक मोफत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली अशा पत्रकांवरूनच ठरतात. मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. सहलीचा तो एक दिवस जंगलाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षी बोरिवलीचं नॅशनल पार्क दाखवावं आणि दुसऱ्या वर्षी आपल्याच उशाशी असलेलं बारवीचं जंगल. यातलं पहिलं आज सहज जमतं. दुसरं का जमत नाही, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आमची मुलं कुठे वाढतात ते आधी लक्षात घ्यायला हवं. उल्हासनगर म्हणजे लष्कराची जुनी छावणी. फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला शहराचं नाव मिळालं. नाव नदीचं, उल्हासचं. क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. या एवढ्या जागेत पाच कॅम्प, फर्निचर बाजार, जीन्सचे कारखाने आणि लाखो माणसं. आमच्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी जीन्सचे गठ्ठे येतात. आई आणि मोठ्या बहिणी दिवसभर धागा कटिंग करतात आणि मुलं शाळेतून आली की त्याच गठ्ठ्यांवर बसून अभ्यास करतात. वालधुनी त्यांना माहीत आहे ती नाला म्हणून. ही नदी काकोळ्याच्या डोंगरातून येते, हे सांगितल्यावर वर्गात कुणाचा विश्वास बसत नाही. अशा मुलांना वर्षातून एकदा बाहेर न्यायचं आणि तेही क्लोरीनच्या पाण्यात डुंबायला, हे मला पटत नाही. मजा त्यांना येते, ते नाकारत नाही. पण सहलीचा दिवस वर्षात एकच असतो.

बोरिवलीला आम्ही रेल्वेने न जाता एसटीची गाडी करून घोडबंदर रस्त्याने जातो. लोकलने दादरला उतरून गाडी बदलायची तर चाळीस-पन्नास मुलं सांभाळणं अवघड, हे एक कारण. दुसरं कारण रस्ता. दुर्गाडीच्या पुलावर खाली उल्हास दिसते, खाडी होऊन पसरलेली. मग कोन, रांजणोली, माजिवडा. घोडबंदरला वळलं की डावीकडे येऊरचे डोंगर सुरू होतात आणि गायमुखच्या पुढे रस्ता जंगलातूनच जातो. उजव्या हाताला तीच उल्हासची खाडी पुन्हा भेटते, आता समुद्राकडे निघालेली. म्हणजे गाडीत बसल्या बसल्या मुलांना कळतं की आपल्या शहराला जिचं नाव आहे ती नदी या जंगलाच्या पायाशी येऊन समुद्राकडे जाते. वर्गातल्या नकाशावर हे शिकवायला मला दोन तास लागतात आणि तरी ते डोक्यात राहत नाही.

उद्यानाचं क्षेत्र साधारण १०४ चौरस किलोमीटर. आमच्या शहराच्या आठपट. ही तुलना फळ्यावर मांडली की मुलं गप्प होतात, कारण जग म्हणजे कॅम्प एक ते पाच असा त्यांचा हिशेब असतो. आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा विहारने दिलं. तलावाला पाणी मिळावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं, आणि आज सव्वा-दीड कोटी माणसांच्या महानगराच्या पोटात बिबट्या राहतो त्याच्या मुळाशी हे पाण्याचं कारण आहे. हे वाक्य मी मुलांकडून वहीत लिहून घेते, कारण पुढे बारवीशी त्याचा संबंध येतो.

दारातून आत गेलं की सगळ्यांची ओढ सफारीकडे. जाळी लावलेल्या गाडीत बसायचं, कुंपणाआड ठेवलेला वाघ आणि सिंह बघायचा, ओरडायचं, उतरायचं. आम्ही सफारी घेत नाही. याबद्दल पालकांशी दरवर्षी बोलावं लागतं आणि मी दरवर्षी तेच सांगते. सिंह सह्याद्रीतला प्राणी नाही. तो बाहेरून आणलेला पाहुणा आहे. कुंपणातल्या वाघाकडे बघून वाघ कसा जगतो याचं काहीही कळत नाही. उद्यानाचा खरा धनी बिबट्या, आणि तो पर्यटकांसाठी दिवसा रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. २०१५ मध्ये कॅमेरा लावून केलेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. एवढे बिबटे असूनही रोज फिरायला येणाऱ्या हजारो माणसांपैकी बहुतेकांना जन्मात एकही दिसत नाही. तो जवळपास आहे, आपल्याला बघतो आहे आणि आपल्या वाटेला जात नाही, ही गोष्ट मुलांना कळणं मला महत्त्वाचं वाटतं.

सफारीचा वाचलेला वेळ आम्ही वाटेवर घालवतो. सोबत उद्यानाचा वाटाड्या असतो. गेल्या खेपेला आमच्याबरोबर आलेला तरुण उद्यानातल्याच पाड्यावर वाढलेला होता. त्याने मुलांना आधी दहा मिनिटं नुसतं उभं केलं, बोलू दिलं नाही. मग आंब्याच्या एका खालच्या फांदीपाशी नेलं. तिथे लाल मुंग्यांनी पानं जोडून केलेलं घरटं होतं, नारळाएवढं. त्याच्या कडेला नवीन पान जोडण्याचं काम चालू होतं. मुंग्यांची एक रांग दोन पानांच्या कडा पायांनी आणि जबड्याने ओढून धरून उभी होती. दुसऱ्या मुंग्या तोंडात एकेक पांढरी अळी धरून या पानावरून त्या पानावर जात-येत होत्या. अळी दोन्ही कडांना टेकवली की तिच्या तोंडातून रेशमाचा तंतू निघायचा आणि कडा चिकटायच्या. अळ्या त्यांच्याच घरट्यातली पिल्लं. घर शिवायला सुई-दोरा म्हणून पिल्लंच वापरायची. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी जाळीतून बघावं तसं डोळे बारीक करून बराच वेळ तिथे उभी होती. मग म्हणाली, "बाई, ओव्हरलॉक!" तिच्या घरी शिलाईचं मशीन आहे. पुढची सगळी वाट ती वाटाड्याच्या मागे मागे होती आणि प्रत्येक पानाखाली वाकून बघत होती. माझ्या मते त्या दिवशी सहल वसूल झाली ती तिथेच.

त्याच वाटेवर कारवीची झुडपं होती, वाळलेली, काठीसारखी. सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, मग बी टाकून मरते. २०१६ मध्ये बोरिवलीचे डोंगर तिने जांभळे केले होते. आमच्याकडे मुरबाड-शहापूरला जुन्या घरांचे कूड याच कारवीचे. वर्गातल्या दोन मुलांना आजोळच्या घराच्या भिंती आठवल्या, शेणाने सारवलेल्या. झाडाचं नाव माहीत नव्हतं, भिंत माहीत होती.

पुढे दहिसर नदीचा प्रवाह लागला. ही नदी उद्यानातच उगम पावते. थंडीच्या सुरुवातीला पाणी घोटाभर असतं, तळाचे दगड दिसतात. एका मुलाने विचारलं, "बाई, हे पाणी कुठल्या रंगाचं आहे?" थट्टा नव्हती. पाण्याला कुठला ना कुठला रंग असतोच, असं तो समजून चालला होता. जीन्स धुण्याचे कारखाने आमच्याकडे कसे आणि कुठे पाणी सोडत आले हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. न्यायालयाचे आदेश झाले, कारखाने बंद झाले, काही दुसरीकडे गेले. त्यावर वेगळं लिहिता येईल. पण बारा वर्षांच्या मुलाने बिनरंगाची नदी पहिल्यांदा पाहावी आणि तीही पन्नास किलोमीटर लांब येऊन, हे मला अजून लागून राहिलं आहे. हीच दहिसर नदी उद्यानाबाहेर पडली की काही किलोमीटरमध्ये तिचाही नाला होतो. तेही आम्ही परतताना पुलावरून दाखवतो.

दुपारचा वेळ कान्हेरीचा. दारापासून पाच-सहा किलोमीटर आत. घरचे डबे तिथल्या झाडाखाली सोडायचे, चपाती-भाजी आणि फार तर लाडू. वेफर्सची पाकिटं आम्ही आणू देत नाही, कारण माकडं पाकिटाच्या आवाजाने धावून येतात आणि माणसाच्या हातचं खायला चटावलेलं माकड पुढे चावू लागतं. कान्हेरीच्या बेसाल्टमध्ये शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या शतकात खोदकाम सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं इथे भिक्खू राहिले. बहुतेक शाळा तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातले दोन भव्य बुद्ध बघून, फोटो काढून परततात. आम्ही पाणी बघतो.

बहुतेक लेण्यांच्या अंगणात बाजूला खडकात खोदलेलं टाकं आहे. वरच्या कातळावर बोटभर रुंदीचे पन्हाळे कोरून पावसाचं पाणी त्यात उतरवलं आहे. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलं आहे. डोंगरमाथ्यावर विहीर नाही, बारमाही झरा नाही, आणि तरीही शेकडो माणसं उन्हाळा काढत होती ती या पोढ्यांवर. त्यांचा खर्च कोणी केला, तेही दगडावर लिहून ठेवलं आहे. दात्यांमध्ये सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे लोक आहेत, आणि मोठ्या संख्येने कल्याणचे. कल्याणच्या एका सोनाराने पोढी खोदवून दिली, एका लोहाराने वाट करून दिली. दोन हजार वर्षांपूर्वीचा कल्याणचा लोहार! आमची मुलं राहतात ते कल्याणपासून हाकेच्या अंतरावर. त्यांचे वडील वेल्डिंग करतात, जरीकाम करतात, मशीन चालवतात. कारागिराने स्वतःच्या कमाईतून डोंगरातली वाट बांधून द्यावी आणि तिच्यावर त्याचा गाव लिहिलेला असावा, हे ऐकून मुलांचा चेहरा बदलतो. इतिहासाच्या पुस्तकात राजेच असतात, इथे त्यांच्या आळीतला माणूस सापडतो. १००९ साली पारशी मंडळीसुद्धा इथे येऊन पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. म्हणजे हे ठिकाण बघायला यायची रीत आपल्या पर्यटनखात्यापेक्षा बरीच जुनी आहे.

परतीच्या गाडीत मी आजोबाची गोष्ट सांगते. आजोबा म्हणजे बिबट्या. २००९ च्या उन्हाळ्यात तो पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला. वनखात्याने काढला. विद्या अत्रेय या संशोधिकेच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. वयस्क आणि शांत, म्हणून आजोबा. तो माळशेजहून चालत निघाला. कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेने गेला, खाडी पोहून पार केली आणि महिन्याभराच्या आत साधारण सव्वाशे किलोमीटर तुडवून बोरिवलीच्या जंगलात पोहोचला. वाटेत कुणा माणसाच्या अंगावर गेला नाही. बहुतेक गावांना तो येऊन गेल्याचं कळलंसुद्धा नाही. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीची धडक बसून तो मेला. त्याच्यावर सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये मराठी चित्रपट काढला.

ही वाट मी मुलांना नीट समजावते, कारण माळशेज मुरबाड तालुक्यात, कसारा शहापूर तालुक्यात, आणि पोहून ओलांडलेली खाडी उल्हासची. बोरिवलीचं जंगल कुंपण घातलेली बाग नाही. माळशेज, बारवी, मलंगगड, माथेरान, तानसा, तुंगारेश्वर हे तुटक तुटक तुकडे आहेत आणि जनावरं अजून त्यांच्यामधून ये-जा करतात. मधली वाट आपल्या अंगणातून जाते. २०१९ च्या जानेवारीत उल्हासनगरात कॅम्प पाचच्या बाजूला एका बंगल्यात बिबट्या शिरला, त्याला बेशुद्ध करून बोरिवलीला नेलं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली. दोन्ही वेळा मला बिबट्याइतकीच गर्दीची भीती वाटली. शेकडो लोक मोबाईल उंचावून उभे. घेरलेल्या जनावराला निसटायला वाट नाही आणि वनखात्याच्या माणसांना काम करायला जागा नाही.

बोरिवलीलाही हे दिवस येऊन गेले आहेत. २००४ च्या आसपास उद्यानाभोवती बिबट्याच्या हल्ल्यांत बरीच माणसं गेली. मग पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याने प्रश्न वाढतो हे अभ्यासातून पुढे आलं. २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि नागरिक मिळून वस्त्या-वस्त्यांत जाऊ लागले. कचरा साठू देऊ नका, म्हणजे कुत्री-डुकरं जमणार नाहीत आणि त्यांच्यामागे बिबट्या येणार नाही. रात्री मुलांना एकटं बाहेर पाठवू नका. दिसला तर घेरू नका. साध्या गोष्टी आहेत, पण कुणीतरी येऊन सांगाव्या लागतात. आमच्या मुलांनी त्या वाटाड्याकडून ऐकल्या आणि घरी जाऊन सांगितल्या. सहलीनंतर एका पालकाने मला विचारलं, "बाई, आमच्या मागच्या उकिरड्यापायी येतो का तो?" पालकसभेत असा प्रश्न मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आता बारवी. बदलापूरहून मुरबाडकडे निघालं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी साग आणि ऐन सुरू होतो. एमआयडीसीने १९७० च्या दशकात बांधलेलं बारवी धरण या रानात आहे. उल्हासनगरला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. बारवीचं पाणी नदीत सोडतात, जांभूळजवळ उचलून शुद्ध करतात आणि तेच आमच्या नळाला येतं. तुळशी-विहारभोवतीचं रान मुंबईने पाण्यासाठी राखलं, तसं आपण राखायला हवं ते हे रान. धरणाची उंची वाढवताना इथली आदिवासी कुटुंबं उठवली गेली, हेही मुलांना कळायला हवं. आपल्या घागरीतल्या पाण्याची किंमत कुणीतरी भरली आहे.

दुसऱ्या अंगाला कोंडेश्वर. शंकराचं देऊळ, कातळात कोरलेले डोह, धबधबा. तिथून फार लांब नाही ते अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ चा म्हणजे १०६० चा शिलालेख असलेलं, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातलं. भूमिज शैलीचा इतका जुना नमुना मुंबईच्या इतक्या जवळ दुसरा नाही. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं आणि बाहेर वालधुनी वाहते. थोडं लांब जायचं तर शहापूरला तानसा अभयारण्य आहे, ज्या रानात २०१४ मध्ये वनपिंगळा सापडला. हे घुबड शंभराहून जास्त वर्षं नाहीसं झालंय असंच सगळे धरून चालले होते आणि १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे पुन्हा दिसलं. एवढं वैभव तासाभराच्या अंतरावर आणि आमच्या मुलांना त्यातलं फक्त कोंडेश्वर ठाऊक, तेही कुणीतरी बुडाल्याच्या बातमीतून.

कारण तिथे जायची रीतसर सोय नाही. दरवर्षी पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर जिल्हा प्रशासनाचा मनाईहुकूम निघतो. माणसं बुडतात हे खरं आहे, प्रशासनाची काळजीही खरी आहे. पण या बंदीने थांबतं कोण? शाळा थांबते. मुख्याध्यापक कायद्याच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. गाडीच्या डिकीत बाटल्या घालून येणारे थांबत नाहीत. ते आडवाटेने जातात, डोहाशी बसतात, काचा फोडून टाकतात. पावसाळा संपला की बंदी उठते आणि मग तर काहीच नसतं. फाटक नाही, वाटाड्या नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, कुठला डोह किती खोल ते सांगणारं कुणी नाही. रविवारी संध्याकाळी बारवी रस्त्यावर जाऊन कडेचा कचरा पाहावा.

पर्यटक वाढले तर उरलंसुरलं जंगल जाईल, असं माझे काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतात. त्यांची भीती मला समजते, पण पर्यटक आधीच आलेले आहेत. प्रश्न आहे तो कोण येतं आणि कसं वागतं याचा. बोरिवलीला सोमवारी उद्यान बंद असतं, दाराशी पिशव्या तपासतात, संध्याकाळी बाहेर काढतात, ठरलेल्या वाटांवर वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. सुट्टीच्या दिवशीची गर्दी मलाही नकोशी होते. पण शिस्त आहे म्हणून मी चाळीस मुलं घेऊन जाऊ शकते. केनियाच्या राजधानीला खेटून १९४६ पासून नैरोबी राष्ट्रीय उद्यान आहे. शहराच्या बाजूंनी कुंपण, आणि दक्षिणेची बाजू जनावरांच्या ये-जा करण्यासाठी मोकळी. त्या मोकळ्या बाजूलाही वस्ती वाढते आहे आणि तिथले लोक तिच्यासाठी झगडत आहेत. आपल्याकडे ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन २०२४ च्या जुलैत झालं, बदलापूरजवळ बेंडशीळला महामार्गासाठी डोंगर पोखरला. रस्ते हवेतच, रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाला ते सांगायला नको. पण डोंगराखालून जाणाऱ्या रस्त्याइतकाच विचार डोंगरावरून चालणाऱ्यांचाही व्हावा, आणि तो विचार करणारी माणसं आजच्या सहावीतून येणार आहेत.

बारवीला वाटाडे बाहेरून आणायची गरज नाही. जूनच्या पहिल्या पावसात बदलापूर स्टेशनबाहेर ठाकूर आणि कातकरी बाया पानांवर रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. शेवळं, कंटोळी, टाकळा, भारंगी, कुड्याची फुलं. शेवळं घेतली की त्या आपणहून काकडं पुढे करतात, कारण काकडाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मे महिन्यात याच टोपल्यांत जांभळं असतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे या लोकांनी राखलेली झाडं आहेत. कोणतं पान केव्हा खायचं, कोणत्या ओढ्याला कधी लोंढा येतो, बिबट्याचा माग ताजा की शिळा, हे ज्यांना सांगावं लागत नाही अशी मुलं-मुली या पाड्यांवर आहेत. त्यांना प्रशिक्षण द्यावं, ओळखपत्र द्यावं, मानधन द्यावं. गावोगावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या कागदावर आहेतच. प्रवेशाचे पैसे त्यांच्या हाती द्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त सकाळी, एका वेळी दोनच गट, पाण्यात उतरायला पूर्ण मनाई. एवढ्याने सुरुवात होईल. कोट्यवधींचा प्रकल्प नको, सिंह-वाघांचे पिंजरे तर मुळीच नकोत. दोन स्वच्छतागृहं, एक प्रथमोपचाराची खोली, मराठी आणि हिंदीत लिहिलेले फलक आणि दहा-बारा शिकलेले वाटाडे.

मुख्याध्यापकांनाही माझं सांगणं आहे. मुलांना सापाची भीती, जबाबदारी कोणाची, पालक काय म्हणतील, ही सगळी कारणं मी ऐकली आहेत. पाण्याच्या घसरगुंडीवरही मुलं पडतात, तिथे मात्र जबाबदारी कुणी विचारत नाही. पालकांना वेळेवर आणि नीट सांगितलं तर ते ऐकतात. आमच्याकडे सफारी नाही म्हटल्यावर कुरकुरलेल्या पालकांपैकी काहीजण नंतर रविवारी घरच्यांना घेऊन स्वतः कान्हेरीला जाऊन आले.

बारवीसाठी आमच्या शाळेचा अर्ज वनखात्याकडे या जानेवारीत जाईल. चाळीस मुलं, चार शिक्षक, दोन पालक, पाड्यावरचा एक वाटाड्या, वेळ सकाळी सात ते अकरा, पाण्याजवळ जाणार नाही, डबे घरचे, कचरा परत आणणार. अंबरनाथ-बदलापूरच्या आणखी पाच-सहा शाळांनी त्याच महिन्यात असाच अर्ज केला, तर प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसाठी एक पद्धत बसवणं खात्यालाही सोपं जाईल.